रुईचं रान आणि माझी नोटीस

परवाच्या शनिवारी आईबरोबर मोठ्या प्रवासाला गेले: मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकापासून बंद कारखान्याच्या भिंतीपर्यंत. वाट पाच मिनिटांची, लागले तीन तास. जायचं असेल तर मे महिन्यात आठच्या आत निघा, बूट घाला, पाणी न्या. सावली एका बोरीखालीच आहे. तिकीट नाही.

आईला मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं हवी होती, मला जागा मोजायची होती. दुसऱ्या दिवशी तिथे श्रमदान होतं, सगळं रान कापून मुलांना मैदान करायचं. नोटीस माझीच, 'निरुपयोगी झुडपं काढून टाकू' असं ठसठशीत लिहिलेली. घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे सोसायटीचं लिखाण माझ्याकडे.

फाटकाबाहेरच घाणेरीवर काळी-पिवळी फुलपाखरं झुंबडली होती. फुटक्या नळाच्या ओलीवर नखाएवढी निळी. मी टेप विसरून उभीच राहिले.

आई मात्र पान उलटून बघायची, मगच तोडायची.

"काय बघतेस गं?"

"किडो असलो तर सोडतंय. मारुतीक खाल्लेलां पान नको."

तिनं दाखवलं: काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी. शेजारच्या पानाखाली सोनेरी ठिपक्यांचा हिरवा कोष. आणि एका रिकाम्या कोषाला लटकून, ओले पंख वाळवत, नारिंगी फुलपाखरू. आई हे वर्षानुवर्षं दर शनिवारी बघत होती. मी एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि उद्या तू ह्यां सगळां कापतलंस?"

तशीच सेक्रेटरी सावंतकाकांकडे गेले.

"नोटीस तुझीच ना? आता मैदानात काय फुलपाखरं खेळणार?"

"मुलंच खेळतील, काका. भिंतीकडची रुई आणि घाणेरी तेवढी राहू द्या."

"शिकलेल्यांचं रोज नवीन!"

मागून आई म्हणाली, "रुई मारुतीची. कोयतो लावतलो त्यानं आधी देवळात जावन सांगूचां."

काका हसले. "वाट लागली! मारुतीशी भांडण कोण घेणार?"

रविवारी मी पहाटेच आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या राखायच्या झुडपांना बांधल्या. काचा, पत्रे, सुकं गवत निघालं. दुपारी मुलं क्रिकेट खेळत होती आणि चेंडू आणायला गेलेली दोघं रुईपाशीच रेंगाळली.

घरी येऊन आईची कालची पानांची पिशवी झटकली तर एक अळी निघाली. आईनं मला लगेच तिला रुईवर सोडायला परत पिटाळलं.

नवी नोटीस लिहायला वेळच मिळाला नव्हता. जुन्याच नोटिशीत 'निरुपयोगी' खोडून वर 'चिंधी नसलेली' लिहिलंय. येणारे-जाणारे आधी खोडलेलाच शब्द वाचतात. वाचू देत.