तुरुंगाशेजारची काकी

काकीला कुणी काही पटवायला गेलं की ती पदर खोचायची आणि म्हणायची, "ता मगे बघूया." मग स्वतःला हवं तेच करायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. देवगडला कचेरीत मी कारकून होतो. कचेरीमागे लहानसा तुरुंग आणि त्याच्या दगडी कुंपणाला, गडग्याला लागून काकीचं घर. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला गोदीत.

एका वैशाखात तुरुंगाची विहीर तळाला गेली. उरलेलं पाणी मचूळ, गढूळ. तेच पिऊन कैद्यांना जुलाब लागले. कोंदट खोलीत सगळ्यांना मिळून शौचाला एकच बादली. वास आमच्या टेबलापर्यंत यायचा. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण आधी पाणी बदला."

जवळची गोड्या पाण्याची विहीर काकीचीच. पण विचारायला जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिचा तांब्याचा हंडा चोरणारा माणूस त्याच खोलीत होता आणि सर्वांत वाईट अवस्था त्याचीच होती.

मी काही न लपवता सांगितलं. ओटीवर बसलेले तिचे दीर भडकले. "चोराक आपला पाणी, वयनी?"

"ता मगे बघूया." काकी माझ्याकडे वळली. "त्येच्या पोटात पाणी रवता?"

"नाही राहत."

"तो मेलो तर माझो हंडो गावतलो काय?" असं दिरांना विचारून ती चूल पेटवायला गेली.

रोज ती पाणी उकळून, गाळून ठेवायची. सोबत मीठ घातलेली पेज. शिपाई कळशा न्यायचे. दीर तिच्याशी बोलेनासे झाले. ते तिला लागत होतं, पण चूल थांबली नाही.

शेवटी एका सकाळी डॉक्टर हसत बाहेर आले. सगळे सावरले होते. हंडेचोर तर उठून जेवायला मागत होता. मी धावत जाऊन काकीला सांगितलं.

"वाचलो मां? बरा झाला," म्हणाली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

पुढे माझी बदली झाली. काकी मुलाकडे मुंबईला गेली आणि तिथेच वारली. मला ती आठवते ती माझ्या बदलीआधीची, त्या वैशाखाच्या पुढच्या उन्हाळ्यातली. सुटून आलेला तो हंडेचोर तिच्या विहिरीत उतरून गाळ काढत होता. वर दोर धरून दीर उभे. काकी काठावरून वाकून विचारत होती, "खाली थंड लागता काय रे?"

"बरा वाटता, काकी," खोलातून आवाज आला.