हात थांबले की सिनेमा नापास

मी सिनेमा बघते तो पडद्याकडं बघून नाही, आत्याबाईंच्या हातांकडं बघून. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. सासरे होते तोवर देवळाची पूजा आमच्या घरात होती. ते गेले, पूजा दुसऱ्यांकडं गेली, पण समईच्या वाती अजून आमच्याच घरून जातात. जेवणं उरकली की आत्याबाई खुर्चीत बसतात, मांडीवर कापूस, शेजारी वाटीत बोटांना लावायला चिमूटभर राख, आणि टीव्ही बघत वाती वळतात. चांगलं काही चाललेलं असलं की हात चालतात. पडद्यावर वंगाळ काही आलं, कोणी आईबापाला उलटून बोललं, देवाची टिंगल केली, की हात थांबतात. तोंडानं त्या अवाक्षर काढत नाहीत. हात थांबले की सिनेमा नापास.

हे मी एकदा भजनी मंडळाच्या ग्रुपवर सहज बोलून टाकलं. "बायांनो, लेकरांना घेऊन जाऊ नका गं त्या सिनेमाला, आमच्या आत्याबाईंच्या वातीच झाल्या न्हाईत." झालं! दर आठवड्याला विचारणा सुरू. मग यूट्यूब. स्टँडवर फोन, चौकटीत आत्याबाईंचे हात, आणि बाजूनं माझं तोंड चालू. लोक मला नाही, त्या हातांना बघायला यायचे.

माझं मत मी लपवत नाही. मी जुन्या वळणाची आहे, मतसुद्धा त्याच वळणानं देते, आणि कोणाच्या बापाला भीत नाही. सिनेमातल्या गुंडाच्या कपाळाला गंध दिसलं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरात गंध उगाळणाऱ्या माणसानं उभ्या जन्मात कोणाला चापट मारली नाही. नायिका नवऱ्याशी भांडून निघाली की ढोल वाजतात आणि परत आली की मागं रडकं संगीत, हे का म्हणून? सैनिकांचे सिनेमे मला आवडतात, पण तिथंही पोरगं घरात न सांगता निघून गेलं तर मी गुण कापते. देशासाठी जायचं तर जा की बाबा, पण मायच्या पाया पडून जा, कोण अडवतंय? 'जुनाट बाई' असं कोणी व्हिडिओखाली लिहिलं की मी लिहिते, व्हय, जुनाटच हाय, तुला काय तकलीफ?

विनोदाचे कार्यक्रम मात्र मी टाळत आले होते. एकटं माणूस माईक धरून उभं राहतं आणि तासभर घरातली धुणी चौकात धुतं. त्यात काय बघायचं? पण यंदा एक पोरगं निघालं, आपल्याच भागातलं, पुण्यात राहणारं. बोलणं सगळं आपलंच, काहून, न्हाई, येऊन राहिलो. त्याचा कार्यक्रम आमच्या हिंगोलीच्या हॉलमध्ये ठरला. तेव्हा भाऊंचा फोन आला. भाऊ म्हणजे इथल्या एका संघटनेचे पुढारी. माझे व्हिडिओ तेच गावोगाव पाठवायचे.

"ताई, त्यो पोरगा मायची नि देवाची टवाळी करतो म्हणत्यात. त्याचा कार्यक्रम नेटवर आलाय. आजीला दाखवा, आन् थेट दाखवा. हात थांबले की हॉलला कुलूप लावायचं आमच्याकडं लागलं."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्या घरातल्या कापसाच्या वातीवर गावातला हॉल उघडणार की बंद होणार!

त्या दुपारी मी आत्याबाईंना नवं लुगडं नेसायला लावलं, खुर्ची उजेडाला घेतली आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं. पोरगं शिव्या देत होतं, मध्येमध्ये, पण बेतानं. आत्याबाईंचे हात चालू. बघणाऱ्यांचा आकडा चढत होता आणि हात काही थांबेनात. भाऊ बघत असणार. मग त्या पोरानं नवसाचं काढलं. "आमची माय माझ्या नोकरीसाठी नवस बोलून राहिली. ह्या देवाला नारळ, त्या देवाला पोशाख. शेवटी एक दिवस देवच मायला बोलला. म्हणला..."

आत्याबाईंचे हात थांबले.

मी टीव्ही जागच्या जागी थांबवला. "बघा! बघा थांबले!" असं म्हणत मी स्टँड मागं सरकवला, फोनपुढं आले आणि सुटले. देवाच्या तोंडी आपली वाक्यं घालायचा ह्यांना हक्क कोणी दिला, मायच्या नवसावर टाळ्या घेता, लाज कशी वाटत नाही. चांगली बोलले. तापले की मला छान बोलता येतं. खाली हात जोडलेली चित्रं धो धो येत होती. त्यातच कोणा बाईनं लिहिलं, काकू, आजींचं तोंड बघा.

मी मागं वळले. उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबत होता. अर्धी वात बोटांना तशीच चिकटलेली. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळे माझ्याकडं. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मी पाठ करून संस्कारांवर बोलत होते आणि माझी सासू माझ्या पाठीमागं कलंडत होती.

"अगं माय गं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. ह्यांना, म्हणजे आमच्या मालकांना, ऑफिसातून बोलावलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच नांदेडला हलवायला सांगितलं. गाडीत मी आत्याबाईंचा तो हात धरून बसले होते. हात कोमट होता, पण त्यात माणूस नव्हतं. कळमनुरी गेली, आखाडा बाळापूर गेलं, वारंगा फाट्यावर ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, हे खिडकीतून हात जोडतायत, आणि माझ्या पिशवीत फोन नुसता थरथरतोय. मला वाटलं पाहुण्यांचे फोन. बघितलं तर कोणीतरी तेवढाच तुकडा कापून सगळीकडं पाठवला होता. आजींचे हात थांबले. धन्य ती माउली. धन्य ती सून.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या नसेत गुठळी. जीव वाचेल. बोलणं येईल बहुतेक, हाताचं सांगता येत नाही. मी विचारलं, "डॉक्टर, एखादी गोष्ट ऐकून, धक्का बसून असं होतं का हो?" ते म्हणाले, बीपी होतंच, कधीही झालं असतं, नेमकं कशानं ते कोणी सांगू शकत नाही.

मला तेच नेमकं पाहिजे होतं. हात कशानं थांबले? त्या पोराच्या बोलण्यानं थांबले असतील, तर ते बोलणं घरात आणून, नवं लुगडं नेसवून, त्यांना त्याच्यासमोर बसवणारी मीच. आणि आजारानं थांबले असतील, तर मरणाच्या दारातल्या बाईच्या नावानं मी सिनेमाचा निकाल वाचत होते. इकडं आड, तिकडं विहीर. आणि खरं सांगू शकणारं माणूस एकच, ते वाचा जाऊन पलंगावर पडलेलं.

भाऊ सफरचंदं घेऊन दवाखान्यात आले. आत्याबाईंच्या पाया पडले. मग मला बाहेरच्या बाकावर घेऊन बसले. "ताई, वाईट झालं. पण आता एकच काम करा. त्या पोराच्या बोलण्यानं आजीला धक्का बसला, एवढं एका वाक्यात बोला. बाकी आमी बघतो. पोलिसात अर्ज बराबर तयार हाय."

"डॉक्टर म्हणत्यात सांगता येत न्हाई."

"डॉक्टरला काय माहीत? हात तर तुमीच दाखवले ना जगाला?"

मी म्हणाले, "आत्याबाईंना बोलू द्या, भाऊ. त्या काय म्हणतील ते मी सांगीन." भाऊ हसले, तरी उठताना म्हणाले, कार्यक्रम पंधरवड्यावर आलाय, तेवढं ध्यानात असू द्या.

आत्याबाईंना घरी आणलं. खुर्ची जागेवर ठेवली, पण कापूस पुढं ठेवायचं माझं धाडस होईना. रोज मी त्यांच्या तोंडात पेज घालायची आणि ओठांकडं बघत बसायची. 'पाणी' एवढा एक शब्द आला, तर आनंद. 'हो' आलं, 'न्हाई' आलं. माझ्या नवऱ्याचं नाव आलं, ह्यांनी डोळे पुसले. मी मात्र आपली त्या एका गोष्टीची वाट बघत होते आणि विचारायला घाबरत होते. भाऊंचा फोन रोज वाजायचा. व्हिडिओखाली लोक विचारायचे, आजी कशा आहेत, त्या नालायकाला सोडू नका. ते पोरगं पुण्यात कुठंतरी असेल, त्याचीही माय असेल, तिनं हे वाचलं असेल का? मग मला स्वतःचाच राग यायचा. त्याची काळजी मी काहून करू?

एका सकाळी आत्याबाईंनी डाव्या हातानं कापसाच्या डब्याकडं बोट केलं. मी डबा आणला, राख आणली. उजव्या गुडघ्यावर कापूस ठेवून डाव्या तळव्यानं त्या वात वळायला लागल्या. वाकडी, जाड वात झाली. दुसरी जरा बरी. मग मान वर करून टीव्हीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पुढं."

"काय पुढं, आत्याबाई?"

"पुढं." आणि चिडून, "द्येव... काय... म्हणला?"

मग मी विचारलं, विचारायलाच लागलं, "तुमचे हात थांबले होते ना त्यावर? राग आला होता ना?"

त्यांनी मान हलवली. न्हाई. उजवा हात डाव्या हातानं उचलून मला दाखवला आणि एकेक शब्द ओढून काढला. "हे... सकाळपून... जड." मग तोंड वाकडं करत, "हासू... आलतं."

सकाळपासून! मी त्या दिवसाचा व्हिडिओ काढून बघितला. पहिल्या वातीपासूनच वाती सैल, एक लांब, एक आखूड, बोटांतून सुटतायत. नवसाचा विषय निघायच्या कितीतरी आधी. माझ्यासकट सगळं गाव त्या हातांकडं डोळे लावून बसलं होतं आणि वाती कोणीच बघितल्या नव्हत्या.

मी टीव्ही लावला. ते पोरगं तिथंच तोंड उघडं ठेवून थांबलेलं. चालू केलं.

"...म्हणला, माय, नवस पुरे कर. मी रोज पहाटी नोकरी घेऊन तुझ्या दारात येतो. पण तुझं पोरगं धा वाजेस्तोर उठतच न्हाई!"

आत्याबाईंचा डावा हात थांबला. पण ह्या वेळी मी आधी तोंडाकडं बघितलं. अर्धं तोंड हसत होतं. अर्धं जागेवर, आणि अर्धं डोळ्यांत पाणी येईस्तोर हसत होतं. त्यांनी आतल्या खोलीकडं बोट केलं. सुट्टीचा दिवस होता, सूर्य डोक्यावर आला होता, आणि आमचे मालक आत घोरत होते. ह्यांच्या नोकरीसाठी आत्याबाईंनी किती देवांना काय काय कबूल केलं होतं, ते मला त्यांनीच कितीदा सांगितलं होतं.

मीही हसले. हसता हसता रडायला आलं, ते वेगळंच.

तेवढ्यात भाऊंचा फोन. मी टीव्ही थांबवला आणि उचलला.

"काय ताई, बोलल्या का आजी?"

"बोलल्या भाऊ."

"वा! काय म्हणल्या?"

"पुढं लाव म्हणल्या."

मग त्यांनी आवाज खाली घेतला. "ताई, तुमच्या मागं उभी राहिलेली माणसं निघून जातील. विचार करा."

"जाऊ द्या. आज व्हिडिओ टाकते. शिव्या हायत, त्याचे गुण कापणार. मायला चौकात आणलं, त्याचेही कापणार. पण आत्याबाईंचे हात आजारानं थांबले आन् मला दिसलं न्हाई, हे आधी सांगणार."

भाऊ काही म्हणत होते. बोलण्याच्या भरात माझी पाठ पुन्हा आत्याबाईंकडं झाली होती, ते माझ्या ध्यानात आलं. फोन कानाला तसाच धरून मी वळले. त्या माझ्याकडंच बघत होत्या, मांडीवर कापूस, डाव्या हातात अर्धी वात.

"पुढं," त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवला, खुर्ची ओढली आणि त्यांच्याकडं तोंड करून बसले.