टाचेचा आवाज

"पाय मेला म्हणावं तर जळतोय, आणि जिवंत म्हणावं तर त्याला जमीन लागत नाही," असं तो एकदा डॉक्टरांना म्हणाला होता.

डॉक्टर भले होते. त्यांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, मणक्यापाशी पेनाचं टोक नेलं आणि सांगितलं, सरकलेली गादी काढलेली आहे, नस आता मोकळी आहे. नस मोकळी होती खरी. बांधून ठेवलेलं जनावर सुटावं तशी मोकळी. कमरेतून निघायची, उजव्या कुल्ल्यामागून पोटरीच्या बाहेरच्या कडेनं उतरायची आणि करंगळीपाशी जाऊन बसायची.

"काही नसांना वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले.

"आणि बाकीच्यांना?"

"त्या तशाच राहतात." एवढं बोलून त्यांनी गोळी बदलून दिली.

बायकोनं यातलं गादीचं आणि मोकळ्या नसेचंच ऐकलं. ऑपरेशन झकास झालं, असं तिनं सगळ्या नातेवाइकांना केव्हाच सांगून टाकलं होतं, आणि ते परत घ्यायची तिची तयारी नव्हती. एका दुपारी तो पडला होता तेव्हा तिनं मायेनं त्याच्या पायांवर चादर घातली. तो किंचाळला. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती चादर होती ती.

"अहो, चादर आहे, विंचू नाही," ती म्हणाली. आधी हसली, मग घाबरली, आणि घाबरल्याचा राग आला म्हणून पुढे म्हणाली, "रिपोर्टमध्ये काही नाही. मग दुखतंय काय?"

त्याच आठवड्यात जिन्यात त्याच पायातली चप्पल निसटली आणि तो तसाच रस्त्यापर्यंत गेला. शेजारणीनं वरून हाक मारली तेव्हा त्याला कळलं. तळव्याला खडे टोचलेच नव्हते. चादर भाजत होती आणि खडे लागत नव्हते, हे कुणाला सांगावं? सांगितलं तर नाटक वाटलं असतं. त्यानं सांगणं बंद केलं.

मग तो कामावर गेला.

पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापायचा कारखाना होता. लांब शेड, दोन्ही बाजूंना प्रेस, मध्ये तेलानं काळी पडलेली वाट. प्रत्येक प्रेसला दोन माणसं, समोरासमोरच्या स्टुलांवर. एक पायानं पेडल दाबतो, तसा वरचा लोखंडी ठोकळा खाली येऊन झाकण कापतो. दुसरा हात आत घालून कापलेलं झाकण काढतो आणि पत्रा पुढे सरकवतो. पूर्वी मध्ये एक जाळी असायची. तिच्यानं काम अडतं म्हणून ती केव्हाच काढून भिंतीला टेकवली होती. जाळीच्या जागी त्या लोकांनी एक आवाज ठेवला होता. पेडलवाल्यानं दाबून झालं की पाय उचलायचा आणि टाच सिमेंटवर आपटायची. ठक्. म्हणजे पाय पेडलवर नाही. ते ऐकलं की समोरच्यानं हात आत घालायचा. बघायचं नाही. बघत बसणारा मागे पडतो.

त्याची टाच इतकी नेमकी पडायची की शेडमध्ये त्याला घड्याळ म्हणत.

समोर हात घालायला त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तिनंच लावून दिला होता. "तुमच्या नजरेखाली राहील," असं म्हणाली होती. मेहुण्याची जीभ मशीनपेक्षा जोरात चालायची. "माझ्या हातानं तुमच्या पायाशी लग्न लावलंय, भावोजी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा. "माझ्या बायकोपेक्षा जास्त विश्वास ठेवतो मी."

"तुझी बायको अजून ठरलीय कुठे?"

"म्हणून तर!"

ऑपरेशननंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच सकाळी त्यानं पेडल दाबलं, पाय उचलला, टाच आपटली, पण काहीच कळलं नाही. वाकून पाहिलं तर पाऊल अर्धं पेडलवरच होतं. मेहुण्याचा हात बाहेर होता, नशीब. पुढच्या वेळी त्यानं पाय नीट, उंच उचलला, आणि कमरेतून आग निघाली ती डोळ्यांपुढे अंधारी आणून गेली. थोडा वेळ त्यानं घाम पुसला. मग उजवा पाय त्यानं पेडलवरच राहू दिला आणि डावी टाच आपटली.

ठक्. आवाज तोच होता.

मेहुण्याचा हात बिनधास्त आत गेला.

असं सुरू झालं, आणि सुरू राहिलं. पाय उचलायचाच नव्हता, त्यामुळे काम भराभर व्हायला लागलं. सुपरवायझर मागे उभा राहून म्हणाला, "ऑपरेशननं घड्याळ पुढे धावायला लागलं की रे!" शेड हसली. तोही हसला. घरी जेवताना मेहुणा बहिणीला म्हणाला, "भावोजी पहिल्यासारखे झाले, ताई." तिनं त्या दोघांना आग्रहानं वाढलं. तो मेहुण्याच्या हाताकडे बघत राहिला. ती बोटं भाजी उचलत होती.

काही आठवड्यांनी ती कळ कामावर आली. तिला यायला कारण लागत नसे. डावी टाच आपटली होती, ठक् झालं होतं, आणि त्याच क्षणी कमरेतून करंगळीपर्यंत वीज उतरली. उजवा पाय आपोआप ताठ झाला. ठोकळा खाली आला.

मेहुणा तेव्हा मागच्या मशीनवाल्याला टोमणा मारायला वळला होता. पत्रा वाकडा होता, झाकण अर्धंच कापलं गेलं. "काय भावोजी, घड्याळ दोनदा वाजलं?" असं म्हणत त्यानं तो तुकडा भंगारात फेकला आणि हसत नाक चोळलं. उजव्या हातानं.

आपल्या पायाकडे एकदा बघून त्यानं मशीनचं बटण बंद केलं.

"इकडे ये. खाली बघ."

"काय पडलं?"

"बघ तर."

मेहुणा मशीनला वळसा घालून आला, वाकला. उजवं पाऊल पेडलवर होतं. ते न उचलता त्यानं डावी टाच आपटून दाखवली. मेहुण्यानं आधी ती थट्टा समजून तोंड उघडलं, मग मिटलं.

"कधीपासून?"

"परत आल्यापासून."

"ताईला माहीत आहे?"

"माझा पाय दुखतो हेच तिला खरं वाटत नाही."

मेहुण्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले, थंडी वाजल्यासारखे. "सांगायचं होतं हो," तो हळू म्हणाला. "मी काय परका होतो?"

सुपरवायझर आला. "संप आहे का?"

मेहुण्यानं एक शब्द काढला असता तर सगळं उघड झालं असतं. त्यानं काढला नाही. "भावोजींचा पाय आखडलाय. जागा बदलतो आम्ही. मी पेडलवर, ते हातावर."

"बदला. मशीन बंद नको."

तो समोरच्या स्टुलावर बसला. त्या बाजूनं ठोकळ्याखालचा साचा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. इथून तो तोंडासारखा दिसत होता. मेहुण्यानं बटण दाबलं, पेडल दाबलं. झाकण सुटलं. मग टाच पडली. तरण्या, धड पायाची टाच.

त्याचा हात पत्र्याच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. तो वाकून खाली बघायला लागला. मध्ये मशीनचा पाया होता, काही दिसत नव्हतं.

"खाली काय शोधतोस? काढ झाकण," सुपरवायझर म्हणाला.

मेहुण्यानं पुन्हा टाच आपटली, जास्त जोरात. "उचललाय पाय, भावोजी. घाला हात."

हात जाईना.

"घाला ना," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा उरली नव्हती. "मी इतके दिवस घातलाच की."

त्यानं हात मागे घेतला. स्टूल धरून उभा राहिला, पायानं भार घेईपर्यंत थांबला, आणि मधल्या काळ्या वाटेनं निघाला. दोन्ही बाजूंच्या मशिनी चालूच होत्या. प्रत्येक मशीनखाली टाचा पडत होत्या, आणि प्रत्येक आवाजासरशी कुणाचा तरी हात आत जात होता. सुपरवायझरनं मागून हाक मारली. मेहुण्यानंही मारली. एकदाही न थांबता तो दारातून बाहेर पडला.