नवलच्या नावाचे संवाद

कौसाबाई कोरीटच्या मास्तरांची मुलगी. वडिलांनी तिला आणि तिच्या भावाला, नवलला, एकाच पाटीवर अक्षर शिकवलं. पुढे नवल मुंबईच्या एका बोलपट कंपनीत नटांसाठी संवादांच्या नकला करायला लागला, आणि कौसाबाई कळसाडीच्या पाटलांकडे सून म्हणून आली. त्या घरातल्या बायका शेत आणि विहीर सोडून कुठे जात नसत.

१९३४ साली नवलने पत्रात सहज एक प्रसंग उतरवून पाठवला. सासू-सुनेचं भांडण होतं, पण नटींच्या तोंडी ते काही केल्या बसत नव्हतं. कौसाबाईने कापसाच्या खोलीत बसून, वडिलांच्या कित्त्याच्या उरलेल्या वहीत ते भांडण नव्याने लिहून धाडलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मालकांनी ते जसंच्या तसं घेतलं होतं, आणि नवलला नकलनवीसाचा लेखक केलं होतं. त्या दिवशी तिला दोनदा जेवावंसं वाटलं.

मग पत्रांची रीघ लागली. नायक तुरुंगातून सुटतो तो प्रसंग शनिवारपर्यंत हवा. विनोदी नोकराची चार वाक्यं हवीत. नवरा उखा भला माणूस, शहाद्याला जाताना पाकिटं टपालात टाकायचा आणि आत काय आहे ते विचारायचा नाही. मुलगी धनू जन्मली त्याच्या दहाव्या दिवशी कौसाबाईने बाळंतिणीच्या खाटेवर बसून एका राजपुत्राचा निरोप लिहिला. नाही म्हणायची सोय नव्हती. नवलचं लग्न झालं होतं, दोन मुलं होती, आणि त्याला स्वतःला एक ओळ सुचत नव्हती. आपलं नाव घालावं असं तिने एकदा लिहिलं. पाटलांच्या सुनेचं नाव पडद्यावर आलं तर तुझ्या घरात काय होईल, असं त्याने उलट विचारलं.

१९३७ च्या उन्हाळ्यात शहाद्याला तंबू लागला आणि त्यात नवलचा बोलपट आला. घरच्या माणसाचं काम म्हणून उखाने सगळ्यांना गाडीत घातलं. सासू दगूबाई बायकांच्या बाजूला पुढे बसली. पडद्यावरच्या सासूने सुनेला सुनावलं, "भाकरी थापताना बांगड्या वाजल्या, म्हणजे बाईचं मन चुलीपाशी नाही." सगळा तंबू हसला. दगूबाई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कळसाडीच्या वाटेला लागल्यावर ती म्हणाली, "ते मन्हं बोलनं शे." एवढंच.

त्यानंतर कौसाबाई स्वयंपाकघरात आली की, आपलं बोलणं पुन्हा मुंबईला जाऊ नये म्हणून, दगूबाई गप्प व्हायची. जावा गप्प व्हायच्या. शेजारणी जात्याशी बसून बोलत असायच्या, ती दिसली की ओव्या म्हणायला लागायच्या. घरात माणसं भरलेली, आणि तिच्या कानावर शब्द नाही. लिहायला बसली की कागदावर नवलसारखीच वाक्यं उतरत, ताठ आणि पोकळ. तिकडून तक्रार आली की मालक नाराज आहेत. तिने जुन्या आठवणी खरवडून कसंबसं भागवलं. अशी दोन वर्षं गेली.

एका दुपारी दगूबाई आपणहून कापसाच्या खोलीत आली आणि ढिगाला टेकून बसली.

"ती डोकरी नुसती वाईट शे का?" तिने पडद्यावरच्या सासूबद्दल विचारलं. "ती अशी कशी व्हयनी, ते बी लिख."

आणि ती सांगत गेली. अकराव्या वर्षी ती या घरात आली. तीन वर्षं तिला माहेर दिसलं नाही. मग तिची आई वारली. शेतात वेचणी चालू होती, घरात हात कमी होते, म्हणून तिला कुणी कळवलं नाही. "बारावं व्हई गयं, मंग माले सांगं."

कौसाबाईने ती गोष्ट पावसाळाभर लिहिली. नवलच्या मागणीवाचून लिहिलेलं ते तिचं पहिलंच. नवलने दोन महिन्यांनी कळवलं की म्हातारीचं रडणं बघायला कोण येणार. मालक म्हणतात, तिला पहिल्याच भागात मारा आणि सुनेची गोष्ट वाढवा. कौसाबाईने कागद परत मागवून घेतले.

दगूबाईला तिने हे सांगितलं नाही. पण शहाद्याला तंबू आला की म्हातारी विचारायची, त्यात आपलं आहे का. दोनदा कौसाबाईने अजून वेळ आहे म्हणून टाळलं. तिसऱ्यांदा तिच्याने खोटं बोलवेना. आपल्या गोष्टीचा बोलपट कुणी काढत नाही, असं तिने सांगून टाकलं. दगूबाईने खडे वेचायचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, वाचून तर दाखव.

तीन दुपारी वाचन झालं. आई गेल्याचं कळतं आणि पोर हंबरडा फोडते, तिथे दगूबाईने हात वर केला.

"रडाले येळ नही व्हता. कापूस येचाना बाकी व्हता."

कौसाबाईने ती ओळ खोडली. पोर कापूस वेचायला कमरेला ओटी बांधून शेताकडे निघते, एवढंच ठेवलं. कागद तिने पेटीत घातले. त्यांचं पुढे काही झालं नाही.

त्याच आठवड्यात नवलचं पत्र आलं. नायिकेच्या लग्नाचा प्रसंग हवा होता, आनंदी, शनिवारपर्यंत. उखा गुरुवारी शहाद्याला जाणार होता. कौसाबाईने दिवसभराची कामं उरकली आणि कापसाच्या खोलीत जाऊन लिहायला बसली.