माळाचा वाटा

आमच्या व्याह्यांइतक्या आनंदाने वाईट गोल्फ खेळणारा मनुष्य, नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडणार नाही, हे मी प्रतिज्ञेवर सांगावयास तयार आहे. यावर लगेच कोणी तरी म्हणेल की, या दोन जिल्ह्यांत गोल्फ खेळणारे आहेतच किती! हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. अहमदपूरच्या एका स्नेह्यांनी तो मला ऐकवला होता, आणि त्यांना दिलेले उत्तरच येथे देतो. मैदानात दुसरा कोणी नसताना पहिला येणे सोपे असेल. परंतु दुसरा कोणी नसताना रोज हरणे, आणि हरून हसत घरी येणे, याला अंगी काही तरी असावे लागते.

माझी मुलगी त्यांच्या घरी दिली, तेव्हापासूनचा आमचा संबंध. ते पाटबंधारे खात्यात अभियंता होते, तेव्हा नांदेडला राहत; निवृत्तीनंतर बहुतेक आपल्या गावीच असतात. मी लातूरला वकिली केली. त्यांच्याविषयी कंधारच्या बाजारापासून हदगावच्या पाहुण्यांपर्यंत जे जे सांगितले जाते, त्यातील बहुतेक ऐकीव आहे, आणि ऐकीव पुराव्याला मी उभ्या आयुष्यात किंमत दिलेली नाही. मी प्रत्यक्ष हजर होतो. म्हणून लिहितो.

मुलगा परदेशी गेल्यावर व्याह्यांना साहेबी खेळाची हौस सुटली, असे सांगणारे सर्व लोक चूक आहेत. खात्यातर्फे ते एकदा प्रशिक्षणासाठी थंड हवेच्या गावी गेले होते. विश्रामगृहामागे गोल्फचे मैदान होते. तेथे एका वरिष्ठाने थट्टेने त्यांच्या हाती काठी देऊन "मारून पाहा" म्हटले. व्याह्यांनी लहानपणची विटीदांडूची आठवण करून फटका मारला, आणि तो पांढरा चेंडू झाडांच्या शेंड्यांवरून सरळ जाऊन दूरच्या निशाणाशेजारी अलगद उतरला. तो फटका लागला नसता तर हे गृहस्थ आज इतर निवृत्त अभियंत्यांप्रमाणे पहाटे फिरायला जाऊन रक्तातील साखरेविषयी बोलत असते. पण लागला. पहिल्याच दिवशी देव भेटलेला माणूस पुढे जन्मभर देवळाच्या पायऱ्या झिजवतो, तशी त्यांची गत झाली.

पायऱ्या झिजवायला त्यांनी निवडला तो स्वतःच्या गावचा माळ. कंधारहून अहमदपूरकडे येताना रस्त्यालगत त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे. रस्त्याच्या अलीकडे विहिरीकाठची काळीभोर जमीन. पलीकडे मुरूम, कुसळी गवत, बाभळी आणि एक टेकाड. या टेकाडाकडे गावातील गुरांखेरीज कोणी कधी आदराने पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर व्याह्यांनी तेथे ठिकठिकाणी तेलाचे रिकामे डबे जमिनीत पुरले, शेजारी वेळूच्या काठ्या रोवल्या आणि त्यांना विहीणबाईंच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या. दूरवरून चेंडू टोलवत आणून कमीत कमी फटक्यांत डब्यात घालायचा, एवढाच तो खेळ. डब्याजवळ चेंडू नीट घरंगळावा म्हणून मोठ्या ठिकाणी मखमली हिरवळ राखतात म्हणे. आमच्या माळावर कुसळ टिकते, मखमल टिकत नाही. तेव्हा त्यांनी प्रत्येक डब्याभोवतीची जागा चोपून, पाणी शिंपून, शेणाने सारवून मळणीच्या खळ्यासारखी करून घेतली. मळणीयंत्रे आल्यापासून गावातली खळी गेली होती. ती या आडमार्गाने परत आली. म्हाताऱ्या बाया कौतुकाने बघायला येत आणि विचारत, "खळं तर झ्याक झालंय, पण ज्वारी कुठाय?"

त्यांना खेळता येत नाही, हा दुसरा अपप्रचार. त्यांना खेळता येते; फक्त केव्हा येईल हे सांगता येत नाही. एक फटका असा की पाहणाऱ्याने श्वास रोखावा, त्याच्या मागचा असा की पाहणाऱ्याने डोके झाकावे. फटक्यापूर्वी ते चष्मा काढून धोतराने पुसायचे असा एक तपशील सांगितला जातो. तो खोटा आहे. ते धोतर नेसत नाहीत, सदऱ्याच्या टोकाने पुसतात. मग निशाणाकडे पाहतात, आभाळाकडे पाहतात आणि मला विचारतात, "वकीलसाहेब, वारं कुणीकडचं?" मी खेळत नाही. मी छत्री घेऊन बरोबर चालतो आणि आक्षेप नोंदवतो. मी वाऱ्याची दिशा सांगतो, ते त्या हिशेबाने पाय रोवतात, आणि चेंडू ज्या दिशेला जातो तिचा वाऱ्याशी, पायांशी किंवा निशाणाशी काहीही संबंध नसतो. अशा वेळी दुसरा कोणी काठी आपटेल. व्याही कपाळावर हात आडवा धरून त्या चेंडूकडे पाहत म्हणतात, "जा बाबा, जिकडं तुला सुख असंल तिकडं जा." विहीणबाईंचे मत अधिक कडक आहे. त्या म्हणतात, "ह्यांच्या चेंडूला ना सासर, ना माहेर."

एकदा त्यांचा एक खरोखर देखणा फटका टेकाडावरून उतरून थेट एका बसलेल्या म्हशीच्या पोटाखाली गेला. म्हैसवाला तिला उठवायला धावला. व्याह्यांनी त्याला हाताने थांबवले. "बसू दे रे. निवांत रवंथ करून राहिली. आपल्याला कुठं गाडी गाठायची हाय?" मी म्हटले, दुसरा चेंडू घ्या. ते म्हणाले, "असं कसं? पडला तिथूनच खेळायचा, नियम हाय." आम्ही उन्हात उभे राहिलो. म्हैस यथावकाश उठली, चेंडूवर पाय देऊन तो मुरमात रुतवला आणि निघून गेली. व्याही इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती घेतली, तिच्याकडे येतो. धाकट्या भावाने वाटणीत व्याह्यांना फसवले आणि दगडाची जमीन त्यांच्या गळ्यात मारली, असे आजही सर्रास बोलले जाते. मी त्या बैठकीत व्याह्यांच्या उजव्या हाताला बसलो होतो.

बापू हे त्यांचे धाकटे बंधू, गावी राहून शेती करणारे. थोरल्यासमोर आजही खाटेवर न बसणारा मनुष्य. आमच्याकडे वाटणीची रीत अशी की, थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. त्यामुळे कोणताही शहाणा थोरला वाटे तोलूनमापून सारखे पाडतो. भावकीतील वडीलधारी मंडळी जमली, आणि आमच्या व्याह्यांनी वाटे जाहीर केले : एकात विहिरीकाठची सगळी काळी, दुसऱ्यात रस्त्यापलीकडचा माळ आणि ओढ्याकाठचा एक चिंचोळा तुकडा. माझ्या कारकिर्दीत असे वाटे मी पाहिले नव्हते. व्याह्यांचा चेहरा मात्र चेंडूवर नेम धरलेल्या माणसासारखा प्रसन्न होता. शुद्धीवर असलेला कोणताही शेतकरी काळीच उचलणार, आणि माळ न मागता आपल्याकडे राहणार, असा त्यांचा हिशेब होता.

"बापू, उचल."

थोरला आपली परीक्षा पाहत आहे, अशी बापूंची खात्री पटली होती. त्यांनी हात जोडले. "दादा, मला माळ द्या. काळी तुमच्याकडं शोभंल."

भावकीतील एका आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "असे भाऊ न्हाईत बाई आता कुठं." व्याह्यांचेही डोळे भरून आले. बंधुप्रेमाने भरून आले, असे कंधारला सांगतात. बंधुप्रेम होते, ते मी नाकारत नाही. परंतु त्या अश्रूंत निम्मा गोल्फ होता.

"बोला की," मी कुजबुजलो.

"काय बोलू?"

"माळ हवा म्हणा."

"चारचौघांत? थोरला खेळायसाठी जमीन मागून राहिला म्हणतील."

"मग असे वाटे पाडले कशाला?"

"मला वाटलं, काळी उचलंल!"

जेवणे झाली. पुरणपोळीवर तुपाची धार धरत बापू मोकळ्या मनाने म्हणाले, "दादा, उद्याच जेसीबी सांगून ठेवतो. ते टेकाड फोडतो, तुमचे डबे नीट काढून घरी आणून देतो, आन् तिथं सीताफळं लावतो."

व्याह्यांचा घास हातातच राहिला. "डबे काढू नको."

"कामून?"

"राहू दे."

मला राहवले नाही. "बापूराव, तुमच्या दादांना तो माळ हवा आहे."

"इवाई, तुम्ही मधी पडू नका," बापू माझ्यावर तडकले. "दादा त्याग करून राहिले, मला कळत न्हाई का?"

"त्याग कसला! हा शुद्ध लोभ आहे, आणि तो माळाचा आहे!"

"बापू, खरंच पाहिजे रे मला," व्याही खालच्या आवाजात म्हणाले.

"न्हाई दादा. गाव काय म्हणंल? धाकट्यानं काळी लाटली आन् थोरल्याच्या पदरात दगडं घातली. मला कंधारच्या बाजारात तोंड दाखवायचं हाय."

व्याह्यांनी हात धुतले, कोपऱ्यातील काठी घेतली आणि बापूंच्या मनगटाला धरून त्यांना भर उन्हात रस्त्यापलीकडे नेले. मी छत्री उघडून मागोमाग गेलो. एवढ्या वर्षांत बापूंनी तो खेळ उभे राहून कधी पाहिला नव्हता. शेती करणाऱ्याला तेवढी उसंत कोठली! व्याह्यांनी चेंडू ठेवला. आज तरी एक सरळ जाऊ दे, असे मी मनात म्हटले. पहिला फटका चेंडूला लागलाच नाही. दुसरा बाभळीत गेला. तिसरा खडकावर आपटला आणि आमच्या डोक्यांवरून उलटा येऊन मागे पडला.

"बघितलं का बापू?" व्याही हसून हसून वाकले होते. "मागं आला! पुढं मारला आन् मागं आला!"

बापू चेंडूकडे पाहतच नव्हते. ते भावाकडे पाहत होते.

"दादा, तुम्हाला हे जमत न्हाई की."

"न्हाई जमत."

"मग?"

"मग काय? उद्या जमंल."

बापूंनी पागोटे काढून घाम पुसला. "तुम्ही नोकरीवरून यायचे, जेवायचे, झोपायचे, जायचे. तुम्हाला असं हसता येतं हे मला म्हाईतच नव्हतं." मग पागोटे पुन्हा चढवून म्हणाले, "घ्या माळ. पण गावाला तुम्ही सांगायचं, मी मागून घेतला म्हणून."

"सांगतो. अख्ख्या तालुक्याला सांगतो."

आणि त्यांनी सांगितले. पारावर सांगितले, लग्नांत सांगितले, कीर्तनाला आलेल्यांना गाठून सांगितले. एकानेही विश्वास ठेवला नाही. शिकलासवरलेला साहेब खेळासाठी दगड मागून घेईल, आणि तोही न जमणाऱ्या खेळासाठी? लोक माना डोलावून म्हणत, "काय मोठं मन! भावाची अब्रू झाकून राहिले." ते जितके अधिक सांगत, तितके स्वतः थोर ठरत आणि बापू काळे ठरत. हदगावच्या एका पाहुण्यांनी लग्नाच्या पंगतीत "धाकट्यानं बिचाऱ्याला लुबाडलं" असे उद्गार काढले. मी त्यांची तेथेच उलटतपासणी घेतली, तेव्हा ते भात अर्धा टाकून उठले. पण एकेका पाहुण्याला असे किती दिवस उठवणार?

बापूंनी कंधारचा बाजार सोडला. आठवड्याच्या सामानाला ते अहमदपूरला जाऊ लागले. हे व्याह्यांच्या ध्यानात आले, तेव्हाच काय ते मी त्यांना माळावर गप्प पाहिले. चेंडू डब्यात पडला तरी ते हसले नाहीत.

मग त्यांनी एक नवीनच रीत सुरू केली. संध्याकाळी कंधारहून अहमदपूरला जाणारी एसटी माळाशेजारून जाते, आणि बोलणारे सगळे लोक तिच्यात बसलेले असतात. त्या सुमारास व्याही बापूंना हाक मारून माळावर बोलावतात. गाडी वळणावर दिसली की खेळ असेल तेथे थांबवतात, काठी खाली टाकतात, बापूंच्या खांद्यावर हात टाकतात आणि खिडक्यांच्या दिशेने तोंड करून मोठ्याने हसतात. सुरुवातीला बापू अंग चोरून घेत. "दादा, लोक बघून राहिले."

"बघू दे. त्यांच्यासाठीच हाय."

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. लोकांची मते किती बदलली, हे मला सांगता येणार नाही. लोकांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. मात्र बापू पुन्हा कंधारला जाऊ लागले आहेत, आणि परतताना त्याच एसटीने येतात तेव्हा माळापाशी गाडी थांबवून उतरतात. त्यांची पाठ वाकली आहे, व्याह्यांचा गुडघा दुखतो आणि फटके पूर्वीइतके दूर चुकत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी तेथे होतो. गाडी आली, बापू उतरले, भावाशेजारी जाऊन उभे राहिले. व्याह्यांनी खांद्यावर हात टाकला आणि दोघेही रीतीप्रमाणे गाडीकडे पाहून हसले. गाडीतल्यांनी काय पाहिले ते त्यांनी खुशाल सांगावे. मी पाहिले ते एवढेच की, गाडी टेकाडाआड गेली, धुरळा खाली बसला, आणि आता दाखवायला समोर कोणीही उरले नव्हते. हात मात्र खांद्यावरच होता.