उतरवलेलं लिंबू

आमच्या तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, एक गवळण म्हशीची धार थेट पेल्यात काढून देते. दूध पिऊन झालं की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, "मिशीचा फेस पुसा की, सर!"

मध्यंतरी तिच्या अंडाशयातली गाठ ऑपरेशन करून काढली, तर आत केस आणि एक दात निघाला. काल मी दूध प्यायला गेलो असताना तिची शेजारीण आली आणि "करणी हाय," म्हणत तिनं हिच्यावरून लिंबू उतरवलं.

हिनं मोबाईलवरचा गाठीचा फोटोच तिच्या नाकासमोर धरला. "अशी बी गाठ असती, डाक्टरीणबाई म्हणाल्या. केसं माझी, दात माझा. करणी कसली गं?"

उतरवलेल्या लिंबाला कुणी शिवत नाही. हिनं ते चिरून पाण्यात पिळलं, अर्धा पेला घटाघटा प्यायली आणि उरलेला माझ्यापुढं केला.

"घ्या की सर. भ्या वाटतंय व्हय?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझा हात पुढं झाला नाही.