स्ट्रेचरचं दुसरं टोक

राजकुमारचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. वाळूजच्या खोलीत बायको, सरिता, उठायच्या आत तो निघालेला असायचा. रुग्णवाहिका ताब्यात घेतली की ऑक्सिजनचा सिलिंडर आणि स्ट्रेचरची चाकं तो स्वतः तपासायचा. गाडी चालवणारे पुष्कळ होते. चाकांना तेल घालणारा हा एकटाच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ठेकेदारानं गाड्यांवरचे मदतनीस कमी केले. राजकुमारचा जोडीदार प्रणय घरी बसला.

"नातेवाईक असतात की धरायला," सुपरवायझर ऋतुराज म्हणाला.

नातेवाईक भीतीनं लांब उभे राहायचे. राजकुमारनं माणसं पाठीवर घेऊन उतरवली. एकदा एक म्हातारा जिन्यात त्याच्या पाठीवरून निसटता निसटता वाचला. त्याच दुपारी तो चालक संघटनेच्या बैठकीला गेला.

संप केला तर थेट आत जाल, असं ठेकेदारानं आधीच बजावलं होतं.

"संप नाय करायचा," राजकुमार म्हणाला. "एक गाडी थांबणार नाय. पण स्ट्रेचरला दोन माणसं, हा त्यांचाच नियम हाये. दुसरा माणूस त्यांनी द्यावा. नसंल तर सुपरवायझरनं यावं."

सगळे हसले. मग तेच ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार वस्तीतून फोन आला. साळूबाई, तिसरा मजला, दम लागलेला. गाडी काढतानाच त्यानं ऋतुराजला फोन लावला.

"साहेब, माणूस पाठवा, नाय तर तुम्ही या."

"अरे, मी ऑफिसचा माणूस!"

"व्हय. पण हात तर हायेत?"

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ द्या. आधी बाईला उतरवू."

ऋतुराज मोटरसायकलवर आला, चिडलेला. राजकुमारनं त्याला पीपीई किट चढवून दिलं. "तुम्ही डोक्याकडनं धरा. मी खाली राहतो."

जिना उतरताना खालचा माणूस उलटा चालतो आणि ओझं त्याच्या अंगावर येतं. ऋतुराजला वरचं हलकं टोकही पेलेना. वळणावर त्याची पकड सुटायला लागली.

"टेकवू का?"

"नाय. बाई घसरंल. गुडघा वाकवा, टोक मांडीवर घ्या. आता दम घ्या."

मास्कमधून साळूबाई पुटपुटली, "लेकरांनो, मी लई जड हाये का रे?"

"नाय मावशी. साहेब नवे हायेत."

साळूबाई वेळेत दवाखान्यात पोहोचली. तोवर इतर चालकांचेही फोन ऋतुराजला सुरू झाले होते. दुपारी तो ठेकेदारासमोर उभा राहिला तेव्हा त्याला पेन धरवत नव्हतं. "ते एकट्याचं काम नाही," तो म्हणाला. "मी करून आलोय."

आठवड्याच्या आत प्रणय गाडीवर परत आला. बाकीचे मदतनीसही आले. राजकुमारला ठेकेदार पुढं कायम 'पुढारी' म्हणायचा, पण काढायची हिंमत त्याला झाली नाही.

पुढच्या काही वर्षांच्या पगारातून राजकुमारनं लासूर स्टेशनला दोन खोल्या बांधायला काढल्या. जमिनीवर आखलेल्या दाराच्या खुणा बघून कडुबा गवंडी थांबला.

"एवढं रुंद? हत्ती बांधतो का काय?"

राजकुमारनं तिथल्या बाजेचं एक टोक सरिताच्या हातात दिलं, दुसरं स्ट्रेचरसारखं स्वतः धरलं, आणि उलटा चालत ती खुणांमधून आत नेऊन वळवली. कुठं घासली नाही.

"हां," कडुबा म्हणाला आणि त्यानं चौकट उभी केली.